आधी वही, मग कोटेशन

कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात, घाटाकडच्या एका वाडीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, ३४ मुले आणि आम्ही दोन शिक्षक. त्यांत ज्येष्ठ म्हणून मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडे आहे. जून २०२२ ते मार्च २०२४ या दोन शैक्षणिक वर्षांत आमच्या केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, चार शाळांनी एकत्र येऊन एक गोष्ट करून पाहिली. मुले कुठे अडतात हे आधी सर्वांनी मिळून पाहायचे आणि शाळेला मिळणारा पैसा त्यानंतर, त्या पाहण्याला धरून खर्चायचा. हे सांगायला सोपे वाटते; प्रत्यक्षात आमचे पहिले वर्ष जवळपास वाया गेले. जे घडले ते, असेच काही करू इच्छिणाऱ्या शिक्षकांच्या उपयोगी पडावे म्हणून, शक्य तेवढ्या तपशिलाने लिहीत आहे.

सुरुवात शिक्षण परिषदेत झाली. राज्यात १९९४ मध्ये केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाल्यापासून प्राथमिक शिक्षकांना केंद्र ही गोष्ट परिचयाची आहे, आणि केंद्रातील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे यासाठी शिक्षण परिषद भरते. परंतु त्या काळात आमच्याकडची परिषद म्हणजे प्रामुख्याने माहिती गोळा करण्याचा दिवस झाली होती. कोणत्या शाळेची ऑनलाइन नोंद राहिली, कोणाचे आधार जुळत नाही, कोणता अहवाल सायंकाळपर्यंत द्यायचा, यातच दुपार सरत असे. दीड वर्ष शाळा बंद राहून नुकत्याच पूर्णवेळ सुरू झालेल्या होत्या. मुले वर्गात परतली तेव्हा तिसरीच्या बाकावर बसलेल्या मुलाने पहिली आणि दुसरीचा वर्ग जवळजवळ पाहिलेलाच नव्हता. आमच्यापैकी प्रत्येकाला ते दिसत होते, पण प्रत्येक जण आपापल्या वर्गात एकट्याने त्याच्याशी झुंजत होता.

जुलैच्या परिषदेत शेजारच्या गावातील एका ज्येष्ठ गुरुजींनी सहज एक वही सोबत आणली होती. तिसरीतल्या मुलीची ती वही होती. पानावर वजाबाकीची सहा उदाहरणे होती आणि सहाही चुकलेली होती. पहिले उदाहरण माझ्या आजही डोळ्यांसमोर आहे : ४२ वजा १७, उत्तर ३५. अक्षर सुंदर, रेघ पट्टीने मारलेली, उत्तराखाली दोन रेघा. गुरुजी म्हणाले, “पोरगी हुशार आहे, बाई. मग ही असं का करते, ते मला सांगा.”

आम्ही पाच-सहा जण त्या वहीभोवती जमलो. “हातचा घ्यायला विसरली,” असे आमच्यापैकी बहुतेकांचे पहिले म्हणणे होते. पण ती विसरली असती तर सहापैकी एखादे तरी उदाहरण बरोबर आले असते. नीट पाहिल्यावर लक्षात आले की तिची एक पक्की रीत होती. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करत होती आणि पाच लिहीत होती. दशकात चारातून एक गेला, तीन राहिले. लहान अंक मोठ्या अंकातून वजा करायचा, एवढा एकच नियम तिने घट्ट धरला होता, आणि तो नियम तिला आम्हीच शिकवला होता. पहिलीत “मोठ्यातून लहान वजा करायचं” हे वाक्य आम्ही शेकडो वेळा बोलतो. ४२ ही पूर्ण संख्या आहे, तिच्यात चार दशक आणि दोन सुटे आहेत, हे तिच्या मनात कुठेच नव्हते. तिला केवळ शेजारी ठेवलेले दोन अंक दिसत होते.

त्यात मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपण ‘बेचाळीस’ म्हणताना आधी दोन बोलतो आणि मग चाळीस, लिहिताना मात्र आधी चार लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन दिले गेले, तेव्हा त्यावरून राज्यभर मोठा वाद झाला. त्या वेळी मीही त्या बदलाच्या विरोधात बोलले होते, कारण मला तो भाषेवरचा आघात वाटला होता. त्या दुपारी ती वही पाहताना मला माझे मत थोडे बदलावे लागले. ‘बेचाळीस’ हा शब्द मुलांना यायलाच हवा, यात शंका नाही. पण तो पक्का होण्यापूर्वी काही दिवस ‘चाळीस आणि दोन’ असे म्हणण्याने मुलाचे काही बिघडत नाही, उलट त्याच्या हातात संख्या येते.

पुढच्या महिन्यात आम्ही ठरवून वह्या आणल्या. चार शाळांतील आम्ही अकरा शिक्षक : आमची ३४ पटाची शाळा, घाटाखालची २२ मुलांची, रस्त्यालगतची ४७ मुलांची आणि मोठ्या गावातील सातवीपर्यंतची ११८ मुलांची. केंद्रप्रमुख समजूतदार होते. परिषदेतील प्रशासकीय माहितीचा भाग त्यांनी पहिल्या तासात संपवण्याचे मान्य केले आणि उरलेला वेळ आम्हाला दिला. प्रत्येकाने आपल्या वर्गातील दोन वह्या आणायच्या, एक बरोबर सोडवणाऱ्या मुलाची आणि एक चुकणाऱ्या मुलाची, आणि मुलाचे नाव झाकून ठेवायचे, एवढीच अट होती. ऑगस्टच्या त्या बैठकीत चारही शाळांतील वह्यांत ३५ हे उत्तर निघाले. वर्षानुवर्षे ज्याला आपण ‘माझ्या वर्गाची अडचण’ समजून मनात ठेवत होतो, ती शेजारच्या तीनही शाळांत तशीच होती, हे कळल्यावर आमच्यातील अनेकांच्या बोलण्यात मोकळेपणा आला.

त्यानंतरचे पाऊल अवघड होते, ते म्हणजे एकमेकांचे पाठ पाहणे. आपल्याकडे कोणी वर्गाच्या मागे वही घेऊन बसले की ती तपासणी असते. शेरेबुकात काय लिहिले जाईल या चिंतेने शिक्षक त्या दिवशी हमखास येणाऱ्या मुलांनाच प्रश्न विचारतो. मीही तेच करत आले होते. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो घेतो आणि बाकीचे वर्गात बसून मुलांकडे पाहतात. ‘जुग्यो केन्क्यू’ या नावाने ही पद्धत तेथे शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे, असे एका प्रशिक्षणात ऐकले होते. आमच्याकडेही सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (बीट म्हणजे काही केंद्रांचा मिळून विभाग) शाळा पाहायला दहा वर्षांपूर्वी राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून जात असत. मीही गेले होते आणि तिथली मुले जमिनीवर आखलेल्या चौकटींत बसून स्वतः शिकताना पाहून भारावून परतले होते. परतल्यावर आम्ही तशाच चौकटी आमच्या फरशीवर रंगवल्या. त्यामागे तिथल्या शिक्षकांचे किती दिवसांचे एकत्र बोलणे होते, ते मात्र आम्ही विचारलेच नव्हते.

म्हणून आम्ही नियम केला : पाहणाऱ्याने शिक्षकाकडे पाहायचे नाही. प्रत्येकाने तीन मुले निवडायची आणि तास संपेपर्यंत ती मुले काय करतात तेवढेच टिपायचे. पाठ संपल्यावर “मॅडम, तुम्ही असे करायला हवे होते,” असे वाक्य कोणीही बोलायचे नाही. “हा मुलगा असे करत होता,” एवढेच सांगायचे. वेळेचा प्रश्न शनिवारने सोडवला. दोन शिक्षकांच्या शाळेतून एक जण बाहेर पडला की दुसऱ्यावर चारही वर्ग पडतात, त्यामुळे इतर दिवशी हे शक्यच नव्हते. शनिवारी शाळा सकाळची असते. ज्या शाळेत पाठ असेल तेथील तिसरी-चौथीच्या मुलांना त्या दिवशी पालकांच्या संमतीने पाऊण तास जास्त थांबवायचे आणि बाकीच्यांनी आपली शाळा सुटल्यावर तिथे पोहोचायचे, असे ठरले.

पहिला पाठ मी घेतला. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून घेतले होते आणि वजाबाकीसाठी गठ्ठा सोडून सुटे करायचे होते. पाठ चांगला झाला असे मला वाटले. मुले बोलत होती, हात वर येत होते. नंतर मोठ्या शाळेतील एका तरुण सरांनी शांतपणे सांगितले, “बाई, खिडकीजवळचा मुलगा दर वेळी गठ्ठा सोडत होता, पण सोडलेल्या काड्या मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सगळ्या मोजत होता. सोडलेल्या दहाच आहेत यावर त्याचा विश्वास नाही.” मी त्या मुलाला सहा महिने शिकवत होते. त्याचे उत्तर बरोबर येत असे, म्हणून मी त्याच्या बाकाजवळ कधी थांबलेच नव्हते. त्यानंतरच्या आठवड्यात त्याला मी फक्त एकच काम दिले : स्वतः गठ्ठे बांधायचे आणि प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावायची. स्वतः बांधलेल्या गठ्ठ्यावर त्याने विश्वास ठेवला.

काड्यांवरूनच पैशाचा विषय निघाला. “हे साहित्य अनुदानातून घेऊ,” असे मी म्हटले, तेव्हा घाटाखालच्या शाळेतील बाई म्हणाल्या, “आधी कपाटं उघडून बघू या का?” चारही शाळांची कपाटे उघडली, तेव्हा तीन शाळांत शासनाकडून आलेली गणिताच्या साहित्याची पेटी होती आणि दोन पेट्यांवरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद केलेली वस्तू हरवली किंवा मोडली तर जबाबदारी आपल्यावर येईल, या भीतीने ती मुलांच्या हाती दिलीच जात नव्हती. त्या दिवशी आम्ही एक रुपयाही खर्च न करता चार शाळांना पुरेल एवढे साहित्य मिळवले. मोडलेल्या वस्तूंची नोंद कशी घ्यायची आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव कसा द्यायचा, हे केंद्रप्रमुखांनी समजावून सांगितल्यावर ती भीतीही बरीच कमी झाली.

आता पैशाविषयी. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्याची रक्कम पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५ हजार, १०१ ते २५० पर्यंत ५० हजार, असे टप्पे आहेत आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चावी लागते. आमच्या चार शाळांची मिळून रक्कम १ लाख १० हजार होते. ज्यांना शाळेचा खर्च माहीत नाही त्यांना ही रक्कम मोठी वाटेल. पण वीजबिल, खडू, नोंदवह्या, छपाई, दुरुस्ती हे सगळे त्यातूनच होते. आधीच्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये वेगळे मिळत असत. रक्कम लहान होती, पण ती शिक्षकाच्या हातची होती आणि तिचे काय करायचे याचा विचार तो स्वतः करत असे. ती सोय आज असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

२०२१ नंतर केंद्र सरकार पुरस्कृत योजनांसाठी राज्य पातळीवर एकच मुख्य (नोडल) खाते ठेवण्याची पद्धत आली. शाळेच्या खात्यात प्रत्यक्ष रक्कम जमा होत नाही. पीएफएमएस या सरकारी निधी-व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीवर शाळेला खर्चाची मर्यादा मिळते आणि पुरवठादाराची रक्कम थेट त्याच्या खात्यात जाते. पैसा पडून राहू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण पहिल्या वर्षी आमच्या शाळेला ही मर्यादा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाली. तोवर आम्ही काहीच ठरवलेले नव्हते. तीन कोटेशने आणायची, व्यवस्थापन समितीची सभा बोलवायची, ठराव घ्यायचा, जीएसटी बिल देणारा दुकानदार शोधायचा, त्याची प्रणालीवर नोंदणी करायची, आणि हे सगळे आठ दिवसांत. दुकानदाराच्या बँक खात्याच्या क्रमांकातील एक अंक चुकला आणि देयक परत आले. ३१ मार्चला रात्री साडेनऊ वाजता मी आणि माझे सहकारी शाळेतील संगणकासमोर बसलो होतो. पडद्यावर एक चक्र फिरत होते. २५ हजारांपैकी ११ हजार रुपये त्या वर्षी आमच्या मुलांना मिळाले नाहीत. घाईत जे खरेदी झाले, त्यातही गरजेपेक्षा दुकानात उपलब्ध काय होते याचाच भाग अधिक होता. तक्त्यांचा एक गठ्ठा आम्ही घेतला, जो पुढे फारसा उघडलाही गेला नाही.

त्या एप्रिलमध्ये चारही शाळांचे मुख्याध्यापक आमच्या शाळेच्या व्हरांड्यात बसले. पैसा कधी येणार हे आपल्या हातात नाही, पण तो आला की काय करायचे हे आधी ठरवून ठेवणे हातात आहे, एवढ्या एकाच मुद्द्यावर ती बैठक झाली. आम्ही चौघांनी मिळून पुढील वर्षासाठी दोन याद्या केल्या : अनुदानातून काय घ्यायचे, आणि अनुदानाला हात न लावता दुसरीकडून काय मिळवायचे.

दुसऱ्या यादीचा आम्हाला अनपेक्षित फायदा झाला. त्या काळात पंधराव्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतीला जो निधी मिळत असे, त्यातील ६० टक्के बंधित असे, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चावा लागे. शाळेची पाण्याची टाकी, हात धुण्याच्या तोट्या, स्वच्छतागृहाची दुरुस्ती या सगळ्या गोष्टी त्यात बसत. आम्ही मात्र इतकी वर्षे तोट्या बदलण्याचा खर्च २५ हजारांतून करत होतो. ग्रामपंचायतीचा पुढील वर्षाचा आराखडा दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो; त्या सभेत शाळेची मागणी नोंदली गेली नाही तर नंतर सरपंचांकडे कितीही खेटे घातले तरी उपयोग होत नाही. त्या वर्षी चारही गावांच्या ग्रामसभांत शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनीच उभे राहून मागणी मांडली. दोन गावांत काम मंजूर झाले, तिसऱ्यात पुढच्या वर्षावर गेले, चौथ्यात नाकारले गेले. आमची शाळा मंजूर झालेल्यांपैकी होती.

व्यवस्थापन समितीविषयी थोडे थांबून लिहायला हवे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले आहे, आणि शाळा विकास आराखडा करण्याचे कामही याच समितीला दिले आहे. आमच्याकडे आराखडा मी एकटी लिहीत असे आणि सह्या घेण्यासाठी नोंदवही घरोघरी पाठवत असे. २०२३ च्या जुलैमध्ये मी प्रथमच सभेत वह्या ठेवल्या. मुले कोणती उदाहरणे सोडवतात, कुठे अडतात, वाचताना कुठल्या शब्दावर थांबतात, हे दाखवले. मग विचारले, यंदा पैसा आला तर कशावर घालावा?

अध्यक्षांचे मत बाहेरच्या भिंती रंगवाव्यात असे होते. शाळा लांबून उठून दिसली पाहिजे, नाहीतर लोक मुलांना गडहिंग्लजच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात, असे ते म्हणाले, आणि त्यांची चिंता खोटी नव्हती. एका सदस्याला प्रोजेक्टर हवा होता. बराच वेळ गप्प असलेली एक आई शेवटी म्हणाली, “बाई, रंग द्या न्हाईतर नका देऊ. पण माझी पोरगी आता वाचायला लागलीया. घरात दुकानाच्या पुडीचा कागुद वाचत बसती. शाळंत तिला न्यायला पुस्तकं हाईत काय?” सभेत कोणीच काही बोलले नाही. आमच्याकडे पुस्तके होती, पण बहुतेक जाड, बारीक अक्षरांची आणि मोठ्यांनी मोठ्यांसाठी निवडलेली. दुसरीतल्या मुलीने घरी न्यावे असे पुस्तक मी तिला दाखवू शकले नसते.

आराखडा त्या सभेत ठरला. स्वच्छतेसाठी २,५०० रुपये, वीजबिलासाठी ३,६००, खडू, नोंदवह्या व छपाईसाठी ३,०००, छताच्या कौलांसाठी ८,५०० आणि उरलेले ७,४०० रुपये मुलांच्या पुस्तकांसाठी. भिंतींचा रंग वगळल्याने अध्यक्ष नाराज होतील असे मला वाटले होते, पण ठरावाला अनुमोदन त्यांनीच दिले.

कौलांचा खर्च अध्यापनाशी संबंध नसलेला वाटेल. पण आमच्याकडचा पाऊस पाहिलेल्याला तसे वाटणार नाही. जून ते सप्टेंबर दक्षिणेकडच्या वर्गात तीन ठिकाणी गळत असे आणि पश्चिमेकडून झड आत येत असे. चौथीची मुले तिसरीच्या मुलांत दाटीने बसत, आणि गठ्ठे-काड्या मांडून बसायला कोरडी जमीनच उरत नसे. गटात बसवून शिकवा, असे प्रशिक्षणात सांगतात तेव्हा वर्गाची जमीन कोरडी आहे असे गृहीत धरलेले असते. मंगलोरी कौले आणि त्यांखालच्या लाकडी रिपा अनुदानातून घेतल्या. शाकारणीची, म्हणजे छप्पर नीट करण्याची, मजुरी मात्र गावाने वाचवली. आमच्या भागात पावसाळ्याआधी घरे शाकारणे हे प्रत्येक घराचे काम असते, त्यामुळे हात तयार होते. मर्यादा आम्हाला या वर्षी फेब्रुवारीत मिळाली; ठराव, कोटेशने आणि पुरवठादाराची नोंदणी डिसेंबरातच झालेली होती, म्हणून बारा दिवसांत सर्व देयके गेली आणि एप्रिलच्या दोन रविवारी पंधरा-सोळा पालकांनी छप्पर शाकारून दिले.

पुस्तकांच्या बाबतीत चार शाळा एकत्र असण्याचा खरा लाभ दिसला. प्रत्येकीने तीच ती पुस्तके घेण्याऐवजी आम्ही यादी वाटून घेतली. आमच्या शाळेने पहिली-दुसरीसाठी मोठ्या अक्षरांची चित्रपुस्तके घेतली, ४७ मुलांच्या शाळेने छोट्या गोष्टी घेतल्या, मोठ्या शाळेने माहितीची पुस्तके आणि चरित्रे घेतली. २२ मुलांच्या शाळेकडे १० हजारांतून पुस्तकांसाठी जेमतेम १,५०० उरले, तेवढ्यात त्यांनी कवितांची पुस्तके घेतली. प्रत्येक संच पत्र्याच्या पेटीत, आणि दर दोन महिन्यांनी पेट्या फिरत राहतील. यामुळे २२ मुलांच्या शाळेतील मुलांना चारही पेट्या वाचायला मिळणार होत्या. पटावर ठरणारे अनुदान लहान शाळेला जे देऊ शकत नाही ते शेजारच्या शाळेने दिले. हिशेबाची अडचण होतीच, कारण एका शाळेच्या नोंदवहीतील वस्तू दुसऱ्या शाळेत सापडली तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. त्यासाठी प्रत्येक पेटीसोबत एक वही ठेवली, तीत पेटी कोणत्या तारखेला कोठून कोठे गेली आणि किती पुस्तके आहेत याची दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीने नोंद होते, आणि चारही समित्यांनी या देवघेवीचे ठराव केले.

शाळांनी जवळच्या शाळांशी साधने आणि माणसे वाटून घ्यावीत, ही कल्पना आमची नाही. १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालात ‘शाळा संकुल’ म्हणून ती आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ती पुन्हा आली आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आमच्याच आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे, याचा आम्हाला अभिमान आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करण्याची चर्चा राज्यात सुरू झाली, तेव्हा आमच्या कामाकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागले. घाटाखालच्या गावातील पालक विचारू लागले की तुम्ही एकत्र येताय म्हणजे आमची शाळा बंद करणार का? पेटी वाडीवर जाते, मुलाला वाडी सोडून यावे लागत नाही, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवावे लागले. पहिलीच्या मुलाला पावसाळ्यात ओढा ओलांडून चार किलोमीटर चालायला लावून शाळेची गुणवत्ता वाढत नाही, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

सगळेच जमले असे नाही. ऑनलाइन बदल्यांत मे २०२३ मध्ये मोठ्या शाळेतील ते तरुण सर दुसऱ्या तालुक्यात गेले. त्यांच्यासारखा मुलांच्या हातांकडे पाहणारा दुसरा शिक्षक आम्हाला वर्षभर मिळाला नाही, आणि त्या शाळेतील शनिवारचे पाठ तीन महिने बंद पडले. बदली न्याय्य असते, घरापासून दूर राहिलेल्या शिक्षकाला जवळ येता यायला हवे. पण मिळून काम करणारा गट तयार व्हायला दोन वर्षे लागतात आणि तो मोडायला एक आदेश पुरतो. दुसरी अडचण प्रवासाची. चारही शाळा अठरा किलोमीटरच्या टापूत आहेत. शनिवारच्या जाण्यायेण्यासाठी, पाठाच्या छापील प्रतींसाठी, चहासाठीसुद्धा कोणत्याही शीर्षाखाली पैसे नाहीत. वस्तू घेण्यासाठी शासन पैसे देते, शिक्षकांनी एकत्र बसावे यासाठी देत नाही. आम्ही पेट्रोल स्वतःचे घातले, आणि ज्या दोन सहकाऱ्यांना ते परवडत नव्हते त्यांना बाकीच्यांनी गाडीवर मागे घेतले. एकाही शाळेने यासाठी पालकांकडून वर्गणी घेतली नाही, हे आवर्जून नमूद करते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी माझ्या तिसरीच्या नऊ मुलांना दोन अंकी वजाबाकीची सहा उदाहरणे दिली, त्यात ४२ वजा १७ हेही होते. सात मुलांची सर्व उदाहरणे बरोबर आली. एका मुलीने दोन चुकवली, त्या मोजण्यातल्या चुका होत्या. नववा मुलगा ऊसतोडणीवरून डिसेंबरात परतलेल्या कुटुंबातील होता. त्याचे उत्तर अजूनही ३५ येत होते. तो रोज दुपारच्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलासोबत गठ्ठे बांधत बसू लागला.

या जूनमध्ये मोठ्या शाळेत नव्या बाई रुजू झाल्या आहेत. पहिल्याच परिषदेला त्या भागाकाराची वही घेऊन आल्या : ८१६ भागिले ८, उत्तर १२. मधला शून्य कुठे गेला, यावर आमची दुपार गेली. येत्या शनिवारी पाठ त्यांच्या वर्गात आहे, आणि पेटी क्रमांक तीन मला जाताना सोबत न्यायची आहे.